शुगरची पट्टी उन्हाने का बिघडते? एन्झाइमऐवजी धातू वापरायचा शोध कुठवर आलाय?

एप्रिल-मे महिन्यात जळगाव, अकोला, चंद्रपूरकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या घरात, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिक्कीत तर त्याहून जास्त. अशा जागी शुगर तपासायच्या पट्ट्यांची डबी राहिली, तर मशीन आकडा दाखवतं, पण तो आकडा खरा असेलच असं नाही. आणि त्याच आकड्यावर कुणी इन्सुलिनचे युनिट ठरवतं, कुणी गोळी चुकवतं, कुणी "आज शुगर बरी आहे" म्हणून निर्धास्त होतं.

हा प्रश्न दोन-चार घरांचा नाही. आयसीएमआरच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गावातल्या उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीपुढच्या माणसांची शुगर याच छोट्या मशीनवर तपासली जाते. म्हणजे पट्टी नाजूक असणं ही साऱ्या गावाची अडचण आहे.

पट्टीत एवढं नाजूक काय असतं? आणि ते नाजूक सामान काढून त्या जागी निकेल, तांबं, सोनं असा धातू बसवला तर? जगभरातले शास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षं याच कामाला लागलेत. मोबाइलवर "नॅनो शुगर सेन्सर"च्या बातम्या येतात त्या यातूनच. ही भानगड काय आहे आणि आपल्या हाती त्यातलं काय लागणार, ते समजून घेऊ.

पट्टीच्या टोकाला काय असतं?

आधी एक हिशेब करू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. शुगर १०० असेल, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज, तर सगळ्या अंगातल्या रक्तात मिळून ग्लुकोज किती? फक्त पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा! शुगर ३०० झाली म्हणजे तीन चमचे. आणि पट्टीला रक्त लागतं ते एक मिलिलिटरच्या हजाराव्या भागाएवढं, कधी त्याहूनही कमी. एवढ्याशा थेंबातलं ग्लुकोज मोजायचं आणि तेही पाच-दहा सेकंदांत.

हे काम करतं एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. एन्झाइम म्हणजे सजीवांच्या शरीरात तयार होणारं प्रथिन, जे ठराविक एकच रासायनिक काम झटपट करून देतं. भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिलं की तो गोडसर लागतो ना, ते लाळेतल्या एन्झाइमचं काम. पिठातल्या स्टार्चची ते साखर करतं.

पट्टीवर वापरतात त्यातलं एक एन्झाइम म्हणजे ग्लुकोज ऑक्सिडेज. ते मिळवतात अ‍ॅस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीपासून. कांदा उत्पादकांना ही बुरशी चांगली ठाऊक आहे. चाळीतल्या कांद्यावर सालीखाली जी काळी भुकटी दिसते, ती बहुतेक वेळा हीच. काही कंपन्यांच्या पट्ट्यांवर ग्लुकोज डिहायड्रोजनेज नावाचं दुसरं एन्झाइम असतं.

थेंब पट्टीवर पडला की एन्झाइम त्यातलं ग्लुकोज पकडतं आणि प्रत्येक रेणूकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं. सोबत मिसळलेलं एक रसायन ते इलेक्ट्रॉन पट्टीवरच्या बारीक तारेपर्यंत, म्हणजे इलेक्ट्रोडपर्यंत, पोहोचवतं. इलेक्ट्रॉन वाहू लागले म्हणजेच वीज वाहू लागली. ग्लुकोज जास्त तर वीज जास्त. मशीन ही अगदी बारीक वीज मोजतं आणि हिशेब करून आकडा दाखवतं.

एन्झाइम आणि इलेक्ट्रोड एकत्र आणायची कल्पना १९६२ मध्ये अमेरिकेत लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी मांडली. विजेवर मोजणारं, पेनाच्या आकाराचं घरगुती मशीन १९८७ मध्ये बाजारात आलं. गावातल्या मेडिकलमध्ये आज मिळणारी पट्टीही त्याच घराण्यातली.

उन्हाने बिघडतं ते एन्झाइम

एन्झाइमची सगळी ताकद त्याच्या आकारात असते. प्रथिनाच्या लांब साखळीला ठराविक घड्या पडलेल्या असतात, आणि त्यातून एक खोबण तयार होते. त्या खोबणीत ग्लुकोज बरोबर बसतं, कुलपात किल्ली बसावी तसं. म्हणून रक्तात शेकडो पदार्थ असले तरी एन्झाइम ग्लुकोज ओळखून काढतं.

पण उष्णता वाढली की या घड्या सुटायला लागतात. अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं. ते नंतर कितीही गार केलं तरी पुन्हा पातळ होत नाही. एन्झाइमचंही तसंच. उन्हात तापलेली डबी संध्याकाळी गार लागली म्हणजे पट्ट्या पुन्हा चांगल्या झाल्या, असं नाही. बिघडलं ते बिघडलं.

दुसरा शत्रू म्हणजे ओल. पावसाळ्यात डबीचं झाकण उघडं राहिलं की हवेतला दमटपणा आत शिरतो, आणि पट्टीवरचं एन्झाइम व सोबतचं रसायन दोन्ही हळूहळू खराब होतात. म्हणून तर डबीच्या झाकणात किंवा कडेला ओल शोषणारी पावडर घातलेली असते. बहुतेक डब्यांवर ३० अंशांच्या आसपासची मर्यादा छापलेली असते, काहींवर ४० पर्यंत. आपल्याकडच्या उन्हाळ्याने ती मर्यादा कधीच ओलांडलेली असते.

गंमत अशी, की बिघडलेली पट्टी नेहमी एकाच बाजूला चुकत नाही. कधी कमी दाखवते, कधी जास्त. त्यामुळे "आमचं मशीन वीस जास्तच दाखवतं, वजा केले की झालं" हा घरगुती हिशेब धोक्याचा आहे.

तांब्याने साखर ओळखायची कल्पना तर जुनीच

धातू उन्हाने असा बिघडत नाही. तांब्याचा हंडा आजीच्या काळापासून टिकतो. मग धातूकडूनच साखर ओळखून घेता येईल का?

येईल, आणि हे काम पूर्वी घरोघरी होत होतं. ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल: परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि गरम करायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटेसारखा लाल झाला, तर साखर वाढत गेलेली. हे निळं औषध म्हणजे बेनेडिक्टचं द्रावण. स्टॅन्ले बेनेडिक्ट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केलं. त्यातला निळा पदार्थ कोणता? मोरचूद! द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी चुन्याबरोबर वापरतात तोच.

त्यात व्हायचं काय, तर मोरचुदातलं तांबं ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन ओढून घ्यायचं. इलेक्ट्रॉन मिळाले की तांब्याचं रूप बदलायचं आणि रंग लाल व्हायचा. एन्झाइमचा इथे काहीच संबंध नव्हता. आता शास्त्रज्ञ करतात ते याचंच पुढचं रूप आहे. रंग डोळ्यांनी पाहण्याऐवजी ते इलेक्ट्रॉन तारेतून मोजायचे.

या तपासणीची एक खोडही लक्षात ठेवा. व्हिटॅमिन सी जास्त प्रमाणात घेतलेलं असलं, तर साखर नसतानाही रंग बदलायचा. ही खोड पुढे पुन्हा भेटणार आहे.

इलेक्ट्रोडवर ग्लुकोजचं काय होतं याचा अभ्यासही तेवढाच जुना आहे. १९०९ मध्ये वॉल्टर लोब या जर्मन शास्त्रज्ञाने विजेच्या मदतीने ग्लुकोजचं ऑक्सिडीकरण करून पाहिलं होतं. नंतर प्लॅटिनम, सोनं, तांबं, निकेल, कोबाल्ट अशा अनेक धातूंवर काम झालं.

निकेलचं रहाटगाडगं

यात निकेल समजायला सोपं आहे. निकेल म्हणजे काही परका धातू नव्हे, आपल्या स्टीलच्या बऱ्याच भांड्यांत तो मिसळलेला असतो.

निकेलचा इलेक्ट्रोड अल्कधर्मी पाण्यात, म्हणजे कॉस्टिक सोडा घातलेल्या पाण्यात, बुडवला की त्याच्या अंगावर निकेल हायड्रॉक्साइडचा थर चढतो. मग त्याला अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाब द्यायचा. बॅटरीतला एक सेल दीड व्होल्टचा असतो, त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. या दाबामुळे थरातल्या निकेलचा एक इलेक्ट्रॉन निघून तारेत जातो, आणि निकेलला इलेक्ट्रॉनची भूक लागते. तेवढ्यात शेजारी ग्लुकोज आलं की निकेल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेतं आणि पुन्हा पहिल्यासारखं होतं. तारेचा दाब चालूच असतो, त्यामुळे तो इलेक्ट्रॉनही तारेत जातो. निकेल पुन्हा भुकेलं.

जुन्या विहिरीवरचं रहाटगाडगं आठवा. गाडगं खाली भरतं, वर रिकामं होतं, पुन्हा खाली जातं. इथे गाडगी म्हणजे निकेलचे अणू, पाणी म्हणजे ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन आणि वरचा पाट म्हणजे तार. पाटाला किती पाणी आलं ते मोजलं की विहिरीत किती होतं याचा अंदाज येतो. गाडगी झिजत नाहीत, त्यांना उन्हाची भीती नाही. तांब्याचा इलेक्ट्रोडही साधारण याच पद्धतीने चालतो.

मग "नॅनो" कशाला?

साधा निकेलचा पत्रा घेतला तरी हे होतं, पण फार मंद. कारण ग्लुकोजची गाठ फक्त पत्र्याच्या वरच्या थराशी पडते, आतलं सगळं निकेल नुसतं बसून असतं. ओंडका पेटायला वेळ लागतो, त्याच्या ढलप्या केल्या की भराभर पेटतो. इथेही तेच करायचं, फक्त ढलप्या फार म्हणजे फार बारीक.

एक मीटरचे अब्ज भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. आता खेळातल्या फाशाएवढा, एक सेंटिमीटर बाजूचा धातूचा ठोकळा घ्या. त्याची सहा अंगं मिळून पृष्ठभाग होतो सहा चौरस सेंटिमीटर, अंगठ्याच्या ठशाएवढा. याच ठोकळ्याचे दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सगळ्या तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ सहा गुंठे! धातू तेवढाच, वजन तेवढंच, पण कामाला येणारी जागा दहा लाख पट.

शिवाय अशा बारीक कणांच्या कडा-कोपऱ्यांवरचे अणू जास्त चपळ असतात. म्हणून प्रयोगशाळांमध्ये निकेल, तांबं, सोन्याचे नॅनोकण, नॅनोतारा, स्पंजासारखे सच्छिद्र थर तयार करतात आणि ते कार्बनच्या पट्टीवर बसवतात. सोनं-प्लॅटिनम ऐकून घाबरू नका. पट्टीला लागणारा धातू इतका थोडा असतो, की केवळ त्याच्या भावामुळे पट्टी महाग होईल असं नाही.

इतकं सोपं, तर मेडिकलमध्ये का नाही?

खरी गोष्ट इथे सुरू होते. प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यात हे इलेक्ट्रोड छान चालतात. रक्तात घातले की अडचणी सुरू होतात.

पहिली अडचण ओळखीची. एन्झाइमकडे कुलपाची खोबण आहे, धातूकडे ती नाही. जो कोणी सहज इलेक्ट्रॉन द्यायला तयार, त्याच्याकडून धातू घेतो. रक्तात व्हिटॅमिन सी असतं, युरिक अ‍ॅसिड असतं, ताप-अंगदुखीला घेतलेली पॅरासिटामॉल असते, ग्लुकोजशिवाय इतर साखराही असू शकतात. या सगळ्यांचे इलेक्ट्रॉन एकाच पाटात आले, तर मशीनला वाटणार की सगळं ग्लुकोजच. बेनेडिक्टच्या निळ्या औषधाची जुनी खोड ती हीच. यावर उपाय म्हणून इलेक्ट्रोडवर नॅफिऑन नावाचा पातळ थर देतात. या थरावर ऋण भार असतो. व्हिटॅमिन सी आणि युरिक अ‍ॅसिड रक्तात ऋण भार घेऊनच फिरतात, म्हणून ते दूर ढकलले जातात. ग्लुकोजला भार नसतो, ते आत जातं. पण पॅरासिटामॉललाही भार नसतो, त्यामुळे तिला हा थर अडवू शकत नाही.

दुसरी अडचण सामूची. माती परीक्षणाच्या अहवालात सामूचा आकडा असतो, तोच हा सामू. रक्ताचा सामू ७.४ असतो. निकेल आणि तांब्याचं रहाटगाडगं नीट फिरायला सामू १३ च्या आसपास लागतो. इतका अल्कधर्मीपणा कातडीलाही भाजतो. म्हणजे थेंब आधी कॉस्टिकच्या पाण्यात मिसळा आणि मग मोजा, असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. घरातल्या माणसाला तो कसा जमणार? सोनं आणि प्लॅटिनम रक्ताच्या सामूलाही काम करतात, पण रक्तातल्या मिठाचे क्लोराइड त्यांना चिकटतात आणि ग्लुकोजची जागा अडवतात. यावर एक युक्ती अशी, की इलेक्ट्रोडला आधी उलटा दाब द्यायचा, त्यामुळे त्याला लागून असलेल्या पाण्याचाच सामू थोडा वेळ वाढतो, आणि तेवढ्यात मोजून घ्यायचं. त्यावर काम चालू आहे.

तिसरी अडचण थर चढण्याची. पाणी तापवायच्या भांड्यात जसा क्षार बसतो, तशी रक्तातली प्रथिनं आणि ग्लुकोज तुटताना तयार होणारे पदार्थ धातूच्या अंगावर बसतात. थर बसला की वीज कमी येते आणि शुगर आहे त्यापेक्षा कमी दिसते.

चौथी अडचण मापाची. रक्तातली शुगर ४० ही असू शकते आणि ५०० ही. प्रयोगातले कित्येक इलेक्ट्रोड थोड्या ग्लुकोजला फार छान ओळखतात, पण ५०-६० च्या पुढे गेलं की त्यांची वीज हवी तशी वाढतच नाही. पावशेरच्या मापट्याने पोतं मोजायला बसावं तशी गत होते.

आणि पाचवी अडचण सारखेपणाची. एक उत्तम इलेक्ट्रोड बनवणं वेगळं आणि अगदी एकसारख्या लाखो पट्ट्या बनवणं वेगळं. घरगुती मशीनसाठी आयएसओचं २०१३ चं मानक सांगतं, की १०० पैकी ९५ वेळा आकडा ठराविक मर्यादेत हवा. शुगर १०० च्या आत असेल तर १५ च्या फरकाने, आणि १०० किंवा पुढे असेल तर १५ टक्क्यांच्या फरकाने. म्हणजे खरी शुगर २०० असेल तर मशीन १७० ते २३० मध्ये काहीही दाखवू शकतं आणि तरीही ते पास असतं. दहा मिनिटांत दोनदा तपासलं आणि १८५ आणि २०५ आलं, तर मशीन बिघडलं असं लगेच समजू नका.

ओळख चुकली की काय होतं, याचा दाखला

"थोडीफार चूक झाली तर काय बिघडतं?" असं वाटेल. याचं उत्तर अमेरिकेत मिळालं. तिथल्या काही पट्ट्यांवर पीक्यूक्यू प्रकारचं ग्लुकोज डिहायड्रोजनेज होतं. हे एन्झाइमच, पण त्याची निवड सैल. ते माल्टोज नावाच्या दुसऱ्या साखरेलाही ग्लुकोज समजायचं. पोटातून डायलिसिस करणाऱ्या काही रुग्णांना आयकोडेक्स्ट्रिन असलेलं द्रावण देतात, त्यापासून शरीरात माल्टोज तयार होतं. मशीनवर शुगर खूप वाढलेली दिसायची, म्हणून इन्सुलिन दिलं जायचं, आणि प्रत्यक्षात शुगर धोकादायक खाली जायची. १९९७ पासून अशा पट्ट्यांशी संबंधित १३ मृत्यूंची नोंद झाल्याचं सांगत अमेरिकेच्या एफडीएने ऑगस्ट २००९ मध्ये इशारा दिला.

निवडीत थोडं सैल असलेल्या एन्झाइमने एवढं केलं, तर निवडच न करणाऱ्या धातूबद्दल किती सावध राहावं लागेल, ते लक्षात येईल. म्हणून "प्रयोगशाळेत यश" आणि "दुकानात पट्टी" यांच्यामध्ये वर्षं जातात. तो उशीर बऱ्याच अंशी आपल्या भल्याचा आहे.

एन्झाइम नाही म्हणजे सुई नाही, असं नव्हे

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. एन्झाइमशिवाय मोजायची पट्टी आली तरी तिला थेंब लागणारच. फरक एवढाच, की थेंबातलं ग्लुकोज धातू ओळखेल.

मोबाइलवर मात्र "सुई नको, रक्त नको, घड्याळ घाला, शुगर बघा" अशा जाहिराती फिरतात. त्यात "नॅनो" हा शब्दही टाकलेला असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये एफडीएने स्पष्ट सांगितलं, की कातडीला न टोचता स्वतःच शुगर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला त्यांनी मंजुरी दिलेली नाही. दंडावर लावायचे सेन्सर मिळतात, ते वेगळे. त्यांची बारीक तार कातडीखाली जाते आणि त्यातल्या नेहमीच्या सेन्सरवर एन्झाइमच असतं. घड्याळाच्या आकड्यावर इन्सुलिन घेणं म्हणजे जिवाशी खेळ.

नव्या सेन्सरची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर चार गोष्टी बघा:

- तपासणी कशावर केली? साखरेच्या पाण्यावर, की खऱ्या माणसाच्या रक्तावर?
- किती रुग्णांवर केली, आणि लॅबच्या आकड्याशी ताडून पाहिली का?
- व्हिटॅमिन सी, युरिक अ‍ॅसिड, पॅरासिटामॉल असताना आकडा बदलतो का?
- भारतात विकायला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या नियमांप्रमाणे परवाना आहे का?

पहिल्याच प्रश्नाला "साखरेच्या पाण्यावर" असं उत्तर असेल, तर संशोधन चांगलं असू शकतं, पण ते तुमच्या कामाचं व्हायला अजून वेळ आहे.

तोवर घरातली पट्टी अशी सांभाळा

धातूची पट्टी येईल तेव्हा येईल. आज आपल्या घरात एन्झाइमची पट्टी आहे, आणि एकेक पट्टीला पैसे मोजलेत. त्यामुळे:

१. डबी घरातल्या सर्वांत गार आणि कोरड्या जागी ठेवा. पत्र्याखालचं फडताळ, खिडकी, चुलीजवळची जागा, गाडीची डिक्की नको.

२. फ्रिजमध्येही ठेवू नका. बाहेर काढली की पट्टीवर दव धरतं. माठाजवळही नको. फ्रिज नसलेल्या घरात इन्सुलिन मातीच्या भांड्यात गार ठेवतात, म्हणून पट्ट्याही तिथेच ठेवल्या जातात. लक्षात ठेवा: इन्सुलिनला गारवा, पट्टीला कोरडेपणा.

३. एक पट्टी काढली की झाकण लगेच लावा. पट्ट्या दुसऱ्या डबीत किंवा कागदाच्या पुडीत काढून ठेवू नका.

४. डबी उघडली ती तारीख पेनाने तिच्यावर लिहा. उघडल्यावर किती दिवसांत संपवायची ते डबीवर छापलेलं असतं.

५. बोट साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. आंबा, गूळ, ऊस हाताळल्यावर बोटावर राहिलेल्या साखरेने आकडा खूप वाढतो. ओल्या बोटाने तो कमी येतो.

६. भर उन्हातून आल्याबरोबर तपासू नका. बहुतेक मशीन साधारण १० ते ४० अंशांतच नीट चालतात. मशीन आणि पट्टी सावलीत थोडा वेळ ठेवा.

७. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर मशीन शुगर जास्त दाखवू शकतं. अ‍ॅनिमिया असलेल्या बायाबापड्यांनी डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं.

८. मधुमेह आहे की नाही, हे घरच्या मशीनवर ठरवू नका. लॅबमध्ये उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त, हे डॉक्टर बघतात आणि गरज वाटल्यास पुन्हा तपासतात. तीन-चार महिन्यांतून एकदा लॅबला जाल तेव्हा मशीन सोबत न्या आणि त्याच वेळी दोन्ही आकडे ताडून बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, एकदम भूक लागली, बोलणं असंबद्ध झालं, तर मशीन काहीही दाखवो, शुगर कमी झाली असं धरून चाला. शुद्धीत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन लावा.

एन्झाइम साखर बरोबर ओळखतं, पण टिकत नाही. धातू टिकतो, पण ओळखण्यात चुकतो. टिकेल आणि ओळखेलही अशी पट्टी बनवायचं काम प्रयोगशाळेतल्या लोकांचं आहे, आणि ते होईल तेव्हा ४५ अंशांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तिचा सगळ्यात जास्त उपयोग असेल. तोवर डबी सावलीत ठेवणं आणि झाकण घट्ट लावणं, एवढं आपल्या हातात आहे. आज घरी गेल्यावर आई-वडिलांची डबी कुठे ठेवलीय ते एकदा बघा.